‘एक्सपोजर’ कोणाचं मोजायचं? परराष्ट्र सेवा आणि आपली नागपूरची पोरं

इंदोरा_चौक (धागाकर्ता)

जयभीम, नमस्कार मंडळी.

उत्तर नागपुरात मी चौदा वर्षांपासून एक अभ्यासिका चालवतो. आधी पत्र्याची शेड होती, आता स्लॅब पडलाय, साठ मुलं बसतात. यंदा आमच्यातली एक मुलगी यूपीएससीची मेन्स पास झाली. वडील ऑटो चालवतात, आई मेसचे डबे करते. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

गेल्या आठवड्यात तिचा मॉक इंटरव्ह्यू ठेवला. बाहेरून तीन जण आले होते, तिघंही मनापासून मदत करणारे. सेवांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म अजून भरायचा होता, पण कच्च्या कागदावर तिने पहिल्या क्रमांकाला परराष्ट्र सेवा लिहिली होती. एका सरांनी तो कागद पाहिला आणि विचारलं, “आतापर्यंत परदेशाशी तुझा काही संबंध आला का?” ती म्हणाली, “नाही सर.” सर म्हणाले, “मग जरा एक्सपोजर कमी पडेल, बघ.” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना तसंच वाटत होतं.

नंतर चहा घेताना मी तिला म्हटलं, “अगं, सातवीपासून तू धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर स्वयंसेवक असतेस. थायलंडचे, श्रीलंकेचे, जपानचे लोक तूच सांभाळतेस ना?” तिचं उत्तर होतं, “सर, ते परदेश थोडीच आहे? ते तर आपलंच आहे.”

ती अकरावीत असतानाची गोष्ट सांगतो, मी तिथेच होतो. श्रीलंकेहून आलेल्या गटातली एक म्हातारी मागे राहिली. पाय सुजलेले, बोलणं सिंहलीत, हातातल्या कागदावर हॉटेलचं नाव अर्धं पुसलेलं. भोवती लाखोंची गर्दी. ही पोरगी आधी तिच्याशेजारी खाली बसली. आईच्या स्टॉलवरून गरम पाणी आणि मीठ आणलं, पाय बुडवायला घमेलं दिलं. म्हातारी शांत झाल्यावर तिच्यासोबत त्रिशरण म्हणायला लागली. पाली दोघींनाही येत होती ना! ते ऐकून पलीकडचा एक सिंहली माणूस वळला आणि त्याच्या फोनवरून गटाचा पत्ता लागला. कोणाशी कसं बोलायचं, आधी काय करायचं, दोघांत समान काय आहे ते कसं हुडकायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. राजदूताचं काम याहून वेगळं काय असतं?

मॉकच्या त्याच रात्री तिने परराष्ट्र सेवा पहिल्यावरून चौथ्यावर नेली. फॉर्म भरायला अजून तीन दिवस आहेत.

पंधरा दिवस युरोप फिरून आलेल्या मुलाकडे ‘एक्सपोजर’ आहे, आणि जपानमधून येऊन इंदोऱ्याचेच झालेले भदंत सुरई ससाई ज्यांनी लहानपणापासून रोज पाहिले, कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर ज्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, त्या मुलांकडे ते नाही. हे माप कोणी ठरवलं? परराष्ट्र सेवेत सगळ्या थरांतली, सगळ्या समाजांतली माणसं यायला हवी असतील तर नेमकं काय बदलावं लागेल, यावर जाणत्यांनी लिहावं.

---

जुना_सीताबर्डीकर

सर, अगदी मनातलं लिहिलंत. मी नव्वदच्या दशकात सीताबर्डीच्या जुन्या मॉरिस कॉलेजच्या इमारतीतल्या प्री-आयएएस सेंटरमध्ये होतो. आमच्या तुकडीत परराष्ट्र सेवेचं नावसुद्धा कोणी काढत नव्हतं. जागाही मोजक्याच असत, वर्षाला दहा-पंधराच्या आसपास. आता वाढल्यात. २०२३ च्या परीक्षेला ३७ होत्या, २०२४ च्या परीक्षेला ५५.

पण जागांपेक्षा मोठी अडचण म्हणजे ही सेवा आपल्याला कधी डोळ्यांनी दिसतच नाही. कलेक्टर दिसतो. सिव्हिल लाइन्समध्ये त्याचा बंगला आहे, आपल्या बापाने कधीतरी त्याच्या ऑफिसबाहेर अर्ज घेऊन दिवस काढलेला आहे. त्यामुळे ‘माझी पोरगी त्या खुर्चीत बसेल’ हे बापाला लगेच समजतं. राजदूत कोणी पाहिलाय? ज्या समाजाला शासनकर्ती जमात व्हायचंय, त्याला जिल्हा आधी दिसणारच. त्यात चूक काही नाही, पण दिल्लीतला तो दरवाजा मात्र आपोआप दुसऱ्यांसाठी मोकळा राहतो.

---

धरमपेठ_वाचक

मुलीचं मनापासून अभिनंदन. पण एक शंका मांडतो, राग मानू नये.

या सेवेत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७ आणि २०१९ पासून आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण आहेच. परीक्षा एक, पेपर तेच. मग विविधता आपोआप येत नाही का? दुसरं असं की परदेशात देशाची बाजू मांडणारा माणूस भाषेत, वागण्या-बोलण्यात तयार असावा, ही अपेक्षा गैर कशी? समोर चीनचा किंवा अमेरिकेचा मुरलेला माणूस बसलेला असतो.

---

इंदोरा_चौक

@धरमपेठ_वाचक, राग कसला, तुम्ही सरळ विचारलंत.

तयार माणूस हवा, शंभर टक्के मान्य. पण तो तयार कुठे होतो? के. आर. नारायणन केरळमधल्या उझवूर या खेड्यात, दलित कुटुंबात, गवताच्या झोपडीत जन्मले. रोज कित्येक किलोमीटर चालत शाळेत जायचे. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं राहून धडे ऐकायचे. टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, तिथे राज्यशास्त्राचे प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांच्याकडे शिकले. लास्कींचं पत्र घेऊन नेहरूंना भेटले आणि १९४९ साली परराष्ट्र सेवेत आले. १९६२ च्या युद्धानंतर चीनमध्ये आपला राजदूतच नव्हता. १९७६ साली पुन्हा राजदूत पाठवायचं ठरलं तेव्हा नारायणन गेले. तुम्ही म्हणता त्या मुरलेल्या माणसांसमोर वर्गाबाहेर उभा राहिलेला मुलगाच बसला होता.

त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी वेळेवर आल्या, शिष्यवृत्ती आणि ओळखीचं पत्र. पहिली आता थोडीफार मिळते. दुसरी, म्हणजे ‘हे तुझंच काम आहे, जा’ असं सांगणारा माणूस, ती आमच्या वस्तीत अजूनही मिळत नाही. आरक्षणाने जागा राखून ठेवता येते. तिथपर्यंतचा रस्ता दाखवायला माणूसच लागतो.

---

हिंगणघाटचा

नमस्कार. मी मंत्रालयात आहे, म्हणजे मुंबईच्या नाही, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयात. एसएससी सीजीएल या केंद्राच्या भरती परीक्षेतून असिस्टंट सेक्शन ऑफिसर म्हणून लागलो. दोन दूतावासांत काम केलं, सध्या दिल्लीत आहे. बाबा जिनिंगमध्ये हमाल होते. आतलं थोडं सांगतो.

मूळ परराष्ट्र सेवेचे अधिकारी देशभरातून जेमतेम हजाराच्या घरात आहेत आणि जगभरातली आपली कार्यालयं दोनशेच्या आसपास. म्हणजे एकेक माणूस महत्त्वाचा. दहा वर्षं सलग चांगली, मिसळलेली भरती झाली तर सेवेचा चेहराच बदलतो, इतकी ती लहान आहे. सुरुवातीच्या काळात इंग्रजांच्या आयसीएसमधले, लष्करातून आलेले, राजेरजवाड्यांच्या घरांतले लोक जास्त होते. परीक्षाही इंग्रजीतच होती. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून आपापल्या भाषेत पेपर लिहिता येऊ लागले आणि तिथून खरा फरक पडायला लागला. आमच्या बाजूचं नाव घ्यायचं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे. १९८३ साली सेवेत गेले, जपानी शिकले, टोकियोला राहिले, पुढे न्यूयॉर्कमध्ये कॉन्सुल जनरल झाले.

आता त्या मुलीसाठी. सर, तिला सांगा की निवड झाल्यावर प्रत्येकाला एक परदेशी भाषा सक्तीने दिली जाते आणि ती शिकायला बहुतेक वेळा त्याच देशात पाठवतात. अरबी, चिनी, जपानी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश. तिथे सगळे शून्यापासून सुरू करतात. मसुरीतल्या फाउंडेशन कोर्समध्ये मात्र पहिले काही आठवडे जड जातात, हे खरं. माझ्या ओळखीचा एक अधिकारी आहे, आता चांगल्या पदावर. पहिल्या औपचारिक जेवणाच्या रात्री तो उपाशी झोपला होता, कारण काटा कोणत्या हातात धरायचा ते कळेना आणि शेजारच्याला विचारायची लाज वाटली. काटा दोन दिवसांत येतो. ‘आपण इथले नाही’ हे वाटणं जायला त्याला दोन वर्षं लागली. कोणी सिनियर त्याच्या शेजारी बसून जेवला असता तर दोन आठवड्यांत गेलं असतं.

---

रेवा_नागपूर

मुलीची गोष्ट आहे म्हणून लिहितेय. सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला, त्याच १९४९ सालच्या. लग्न केलं तर राजीनामा देईन असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, संसारामुळे कामात अडथळा येतोय असं वाटलं तर सरकार तिला राजीनामा द्यायला सांगू शकेल, असा नियमच होता. पुरुषांना असलं काही नाही. बढती डावलली तेव्हा त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर प्रकरण आलं. तोवर सरकारने त्यांना बढती दिली होती आणि तो नियमही काढायची तयारी दाखवली होती. तरीही कोर्टाने बजावलं की स्त्रियांशी भेदभाव करणारे सगळेच नियम तपासा.

नियम गेला, पण घरातला प्रश्न राहिला. ‘दर तीन वर्षांनी देश बदलणार, मग हिच्याशी लग्न कोण करणार?’ हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलंय. सर, तिच्या आईशीही बोला. अशा वेळी आपण नेहमी वडिलांशीच बोलतो.

---

इंदोरा_चौक

@रेवा_नागपूर ताई, खरंय. आईशी बोलायचं राहून गेलं होतं. आज संध्याकाळी जातो.

---

मोमिनपुरा_४४

अस्सलाम आलेकुम, नमस्कार. आमच्या मोहल्ल्यातली मुलं मदरशात अरबी वाचायला शिकतात, घरी उर्दू आणि बाहेर मराठी-हिंदी बोलतात. नागपुरातून हज यात्रेची विमानं सुटतात, तेव्हा कागदपत्रं भरून द्यायला पुढे आमचीच मुलं असतात. त्या मुलांना कोणी सांगितलं का, की आखातात आपले लाखो कामगार आहेत आणि त्यांच्या तक्रारी ऐकायला अरबी समजणारा अधिकारी लागतो? मला बत्तीस वर्षांत एकानेही सांगितलं नाही. आता वय गेलं. जेद्दाहला बहुतेक मुस्लिम अधिकारीच नेमला जातो, कारण मक्केत दुसऱ्याला जाता येत नाही. पण मला वाटतं, आमच्यातला मुलगा जेद्दाहलाच का, ब्रसेल्सलाही जायला हवा आणि व्यापाराच्या वाटाघाटी करायला हव्यात.

---

थेम्सकाठचा_वऱ्हाडी

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. मी लंडनमध्ये राहतो. ब्रिटनमध्ये खाजगी शाळांत शिकणारी मुलं साधारण ७ टक्के, पण २०१९ च्या एका पाहणीत त्यांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांपैकी ५२ टक्के खाजगी शाळांतले निघाले. करिअर डिप्लोमॅट असलेली पहिली कृष्णवर्णीय महिला ब्रिटनची हायकमिशनर म्हणून मोझांबिकला गेली ती २०१८ साली. इतका उशीर. अमेरिकेतही ‘गोरा, पुरुष आणि येलचा’ अशीच सेवेची ओळख होती.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो ब्राझीलचा मार्ग. तिथे राजदूत घडवणारी रिओ ब्रँको ही संस्था आहे. २००२ पासून त्यांनी कृष्णवर्णीय उमेदवारांना परीक्षेच्या तयारीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पास झाल्यावर सत्कार म्हणून नाही, तयारी करतानाच. पुस्तकं, क्लास, भाषा शिकवणारा मास्तर. अमेरिकेत पिकरिंग आणि रँगेल या फेलोशिप आहेत. त्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलतात आणि अभ्यास चालू असतानाच दूतावासात काम करायला पाठवतात. म्हणजे नोकरी लागायच्या आधीच मुलाने दूतावास आतून पाहिलेला असतो. काट्या-चमच्याचा, ‘आपण इथले नाही’चा प्रश्न तिथेच सुटतो.

आपल्याकडे बार्टी, महाज्योती, सारथी या राज्य सरकारच्या संस्था तयारीचा खर्च काही प्रमाणात उचलतातच. महाज्योतीचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. मग तिथल्या मुलांना सुट्टीत दोन महिने एखाद्या दूतावासात काम करायला पाठवायची योजना का होऊ नये?

---

पोट्टा_कन्हानचा

दिल्लीचा खर्च कोणी मोजून नाही राहिलं इथं. म्या राजेंद्रनगरात अकरा महिने काढले. खोली चौदा हजार, तीही तिघांत, खिडकी नाही. क्लास वेगळा. घरून फोन आला का पहिला प्रश्न, “बेटा, पैसे उरले का?” मंग तुम्ही म्हणता रोज इंग्रजी पेपर वाच, डिबेट ऐक. डोकं ठिकाणावर असल तं वाचन ना भाऊ. परत आलो, आता इथंच अभ्यासिकेत बसतो. बरं वाटते.

आन् एक. मुलाखत मराठीत देता येते, दुभाषा देतात, हे मले दिल्लीत जाऊन समजलं. इथं काऊन नाही सांगत कोणी?

---

लहुजी_वस्ती

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. एक गोष्ट जड मनाने सांगतो. आमच्या मातंग वस्तीत मेन्सपर्यंत पोचलेलं अजून कोणी नाही. ज्यांच्या दोन पिढ्या शिकल्या ती आमचीच भावंडं पुढे गेली, त्यांचा अभिमान आहे. पण विविधता मोजताना ‘अनुसूचित जाती’ अशी एकच रांग मोजली की शेवटी उभा असलेला दिसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने उपवर्गीकरणाला, म्हणजे आरक्षणात पोटगट करायला, मान्यता दिली, त्यावरून आपल्यातच मतभेद आहेत. तो वाद मी इथे उघडत नाही. सर, तुमच्या अभ्यासिकेत आमच्या वस्तीतल्या चार मुलांना जागा मिळेल का, एवढंच विचारतो.

---

इंदोरा_चौक

@लहुजी_वस्ती दादा, चार नाही, आठ पाठवा. फी घेत नाही. रविवारी अकराला स्वतः या, बसून बोलू.

---

वैनगंगाकाठ

मी गडचिरोलीची, नागपुरात हॉस्टेलवर राहते. घरी गोंडी बोलतो. यूपीएससीचे पेपर इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतच लिहिता येतात. संथाळी आणि बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आल्या, गोंडी अजून बाहेर आहे. म्हणून मी मराठीत लिहिते, आणि मराठी ही माझी शिकलेली भाषा आहे. पण घरी गोंडी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, आता इंग्रजी, असं करत विशीपर्यंत पाच भाषा झाल्या. सरांच्या पोस्टमधलं ‘ते तर आपलंच आहे’ वाचलं आणि वाटलं, मीसुद्धा फॉर्मवर भाषांच्या रकान्यात गोंडी लिहायला विसरले होते. पुढच्या वेळी सगळ्यात आधी लिहीन.

---

धरमपेठ_वाचक

दोन दिवस सगळं वाचत होतो. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. मुलाखत असावी, कसून व्हावी असंच मला वाटतं. मात्र एकूण २०२५ गुणांत मुलाखतीचे २७५ असताना आणि पाच-दहा गुणांवर सेवा बदलत असताना, ‘तुझा परदेशाशी काय संबंध’ हा प्रश्न सगळ्यांना सारखा पडत नाही, हे मला या धाग्यावर दिसलं. प्रश्न ‘तू अनोळखी माणसाशी कसं जमवून घेतलंस’ असा विचारला असता तर त्या मुलीने मीठ-पाण्याची गोष्ट सांगितली असती. माझ्या स्वतःच्या मुलीला सांगण्यासारखी तशी एकही गोष्ट नाही.

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दर रविवारी दोन तास अभ्यासिकेत येऊ शकतो. व्याकरण नाही, नुसतं बोलायला. चालेल का सर?

---

इंदोरा_चौक

चालेल काय, वाट बघतो सर! लहुजी वस्तीची मुलंही अकरालाच येणार आहेत.

आता त्या मुलीचं. काल संध्याकाळी घरी गेलो होतो. आई डबे भरत होती, एका हातात वरणाचा पळा. रेवाताई म्हणाल्या तसं सगळं आधी तिलाच सांगितलं. राजदूत म्हणजे काय, तीन वर्षांनी बदली, भाषा शिकायला परदेश. वडील दारात ऑटोची सीट पुसत ऐकत होते. लग्नाचं कोणी काही बोललं नाही. बराच वेळ थांबून आईने एकच विचारलं, “जपानला गेली तर रोज बोलता येईल का? माझे डबे साडेसातला जातात, त्याआधी मला फोन घेता येत नाही.”

मला नीट सांगता आलं नाही. @हिंगणघाटचा, तुम्हाला माहीत असेल. फॉर्म उद्या संध्याकाळी भरायचाय.

---

हिंगणघाटचा

सर, टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. इथे साडेसात म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा. ती कामावरून येऊन, जेवून मोकळी झालेली असेल. मी परदेशात होतो तेव्हा माझी आई संध्याकाळचा दिवा लावून फोन घेऊन बसायची, रोज. मावशींना सांगा, जमतं. आणि काही विचारायचं असेल तर त्यांना सरळ माझ्याशी बोलायला सांगा. इथे मेसेजमध्ये नंबर पाठवतोय.